जांभई आणि उजवा हात

अण्णांचा उजवा हात गेल्या चैत्रात गेला. म्हणजे आहे जागेवरच, खांद्याला लागून, पण गेला. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला हात तो. पसरणीच्या घाटात गाडी वळणं घेत असताना खांद्याला चामडी बॅग, डाव्या हातात तिकिटांचा ट्रे आणि उजव्यात पंच. त्या पंचाची टिकटिक घरी आल्यावरही त्यांच्या बोटांत असायची, जेवणाची वाट बघताना पाटावर वाजायची.

पॅरॅलिसिसचा झटका डाव्या मेंदूत, म्हणून हात उजवा. मेंदूकडून निघालेल्या बहुतेक तारा मानेच्या वर एकमेकींना ओलांडून पलीकडच्या बाजूला जातात. बोलणं वाचलं, थोडं जड झालंय एवढंच. आणि तेच जास्त त्रासाचं, कारण काय होतंय ते अण्णा नीट सांगू शकतात. रोज सकाळी फिजिओथेरपिस्ट येते, म्हणते, "काका, हात वर करायचाय असं मनात आणा." अण्णा डोळे मिटतात, कपाळावर शीर उभी राहते. मग डोळे उघडून म्हणतात, "मी सांगतोय गं त्याला. तो ऐकत नाही."

हा "मी" कोण आणि "तो" कोण, हे मी त्यांना विचारलं नाही. पण १६४३ साली एका बाईने जवळजवळ हेच विचारलं होतं. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ, वय २४, राज्य गेलेलं, हॉलंडमध्ये आश्रयाला. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचं म्हणणं असं की मन विचार करतं पण जागा व्यापत नाही आणि शरीर जागा व्यापतं पण विचार करत नाही. तिने पत्र लिहून विचारलं, मग ज्याला आकारच नाही ते मन शरीराला ढकलतं कसं? देकार्तने जडपणाचं उदाहरण दिलं: वजन दगडाला खाली नेतं, पण हाताने ढकलत नाही. तिला ते पटलं नाही. पुढे मन आणि शरीराची गाठ घालून देण्याचा सगळा भार त्याने मेंदूतल्या पिनियल नावाच्या छोट्या ग्रंथीवर टाकला. माझं मत विचाराल तर प्रश्न तिचाच भारी होता.

आता खरी गोष्ट. जूनमधली दुपार, बाहेर पावसाची रिपरिप, अण्णा खुर्चीत. त्यांना जांभई आली. चांगली लांबलचक, जबडा दुखेल अशी. आणि उजवा हात मांडीवरून उठला. सावकाश, कोपरात वाकत, पार छातीपर्यंत. जांभई संपली तसा खाली सरकला.

आईच्या हातातलं निवडायचं ताट कलंडलं. "अहो, उचललात!"

"मी नाही उचलला," अण्णा म्हणाले. "उचलला गेला."

फिजिओथेरपिस्ट हसली. म्हणाली, लकव्याच्या काही पेशंटमध्ये असं दिसतं, याने हात बरा झाला असं समजू नका. इच्छेचा निरोप मेंदूच्या वरच्या थरातून निघतो आणि अण्णांची वाट मध्येच तुटली आहे. जांभई त्याच्या खाली, मेंदूच्या देठातून येते. तिची जुनी पायवाट अजून शाबूत असावी, असा तर्क आहे.

मला मराठीचं नवल वाटलं. हात आपण उचलतो, पण जांभई "येते". आणि जमत नसेल तेव्हा आपण "मला उचलवत नाही" म्हणतो. "मी"चा "मला" होतो, कर्तेपण हातचं जातं. एलिझाबेथचं कोडं याने सुटत नाही म्हणा. उलट वाढतं. स्नायू तोच, खांदा तोच, मग माझी इच्छा नक्की कुठल्या वळणावर अडते?

आईला असले प्रश्न पडत नाहीत. ती हल्ली दुपारी अण्णांच्या समोर बसून मुद्दाम जांभया देते.

"खोट्या आहेत," अण्णा म्हणतात. "खोट्याने येत नाही."

परवा मात्र आली. हात वर निघाला, तशी आई ताडकन उठली आणि मनगट धरून तिने तो तिथेच थोपवला. अण्णांचं तोंड मिटलं, डोळ्यांत जांभईचं पाणी.

"आता करा प्रयत्न," आई म्हणाली. "मी धरलाय."