नवसाच्या टेकडीपर्यंत पायी: रिचमंड ते कोल्ड स्प्रिंग

मिनेसोटातल्या रिचमंडहून कोल्ड स्प्रिंगला रोकोरी ट्रेलने चालत निघालो. सात-आठ किलोमीटरची पक्की, सपाट वाट. दम लागत नाही, पण सावली तुटक. पाणी रिचमंडलाच भरून घ्यावं.

फ्रान्सिस पिर्झ या स्लोव्हेनियन मिशनऱ्याने 1855 मध्ये सिनसिनाटीच्या जर्मन वृत्तपत्रात पत्रं लिहून शेतकऱ्यांना या सॉक नदीच्या खोऱ्यात बोलावलं. कुटुंबं आली, फादर पुरेनात. मे 1856 मध्ये ब्रुनो रीस यांच्यासह बेनेडिक्टाइन या कॅथलिक संघाचे साधू जवळच्या सेंट क्लाउड गावी पोचले. मग सुरू झाली खरी पायपीट. पाठीवर वेदीशिला (वेदी म्हणून मांडायचा छोटा पवित्र दगड), कॅलिस म्हणजे वाइनचा पेला, वाइन, पूजेची वस्त्रं. आधी कुणाच्या तरी झोपडीतल्या टेबलावर मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, मग ओंडक्यांचं चर्च, आणि कुटुंबं वाढली की कायमचा फादर. चर्च कुणाच्या जमिनीजवळ बांधायचं, भांडणं बहुधा तिथेच.

चालताना एक गोष्ट लक्षात येते. त्या काळी मिस्सा करणाऱ्याला मध्यरात्रीपासून उपास, पाणीसुद्धा नाही. म्हणजे दुसऱ्या वस्तीत सकाळची मिस्सा असली तर आदल्या रात्रीच मुक्कामाला पोचायचं, नाहीतर कोरड्या घशाने अंतर कापायचं. इथली चर्चं इतकी जवळजवळ का, याचं निम्मं उत्तर मला तरी इथेच सापडतं.

कोल्ड स्प्रिंग ओलांडलं की टेकडी. 1873 ते 1877 टोळांनी पिकं खाल्ली. अंडी जमिनीतच घातलेली, त्यामुळे यंदाचे टोळ गेले तरी पुढच्या वसंतात पिल्लं तिथूनच निघत. मिनेसोटाचे गव्हर्नर पिल्सबरी यांनी 26 एप्रिल 1877 हा प्रार्थनादिन ठरवला. कोल्ड स्प्रिंग आणि जेकब्ज प्रेअरी या दोन्ही धर्मग्रामांनी (चर्चच्या वस्त्यांनी) फादर लिओ विंटर यांच्या पुढाकाराने येशूची आई मरिया हिला चॅपलचा, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिराचा, नवस केला. त्याच उन्हाळ्यात या टेकडीवर लाकडी चॅपल उभं राहिलं, टोळही गेले. भाविक म्हणतात नवस पावला. कीटकशास्त्रज्ञ हवामानाकडे आणि टोळांच्या स्थलांतराकडे बोट दाखवतात. 1902 नंतर टोळांची ही जात जिवंत दिसलेली नाही.

1894 च्या टोर्नेडोत ते चॅपल उडालं. आताचं 1952 चं, इथल्याच ग्रॅनाइटचं. दारावरचं कोरीवकाम चुकवू नका: स्वर्गारोहण करणारी मरिया, आणि पायाशी नतमस्तक दोन टोळ. शेवटच्या चढाला घाई नको. उतरताना ओल्या पानांवर पाय घसरतो, काठी असू द्या.