टप्प्याची वारी

एसटीचा एक टप्पा ६ किलोमीटरचा. आमचे अण्णा कंडक्टर, त्यामुळे घरात अंतर किलोमीटरवर कधी मोजलंच गेलं नाही. आत्याचं गाव सात टप्पे, माझं कॉलेज दोन टप्पे. २०१७ साली त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस सुरू झालं. सलग अठरा-वीस दिवस चालणं आता जमणार नव्हतं, तेव्हा आळंदी ते पंढरपूर वाटही त्यांनी टप्प्यांत पाडली. दर वर्षी एक तुकडा. "मोकळ्या वारी वारी," असं म्हणून स्वतःच हसायचे.

लोणंद ते तरडगाव झालं. जेजुरी ते वाल्हे झालं. फलटण ते बरड अर्ध्यातच सोडावं लागलं, त्या दिवशी पाय सुजले होते. मग भंडीशेगाव ते वाखरी. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे पायी वारीच नव्हती, माउलींच्या पादुका एसटीच्या बसनं पंढरीला गेल्या. त्या दोन वर्षांपुढे अण्णांनी वहीत मोठ्या दिमाखात लिहिलं आहे : 'एसटीने.' वाखरी ते पंढरपूर हा जेमतेम एक टप्पा मात्र त्यांनी मुद्दाम राखून ठेवला होता. शेवटच्या स्टॉपला आधी उतरून कसं चालेल, हा त्यांचा युक्तिवाद.

२०२३च्या थंडीत ते गेले. २०२४च्या वारीला मी निघाले, आळंदीहून, सगळे टप्पे. सोबत त्यांची वही.

ती वही खरं तर पाण्याची. दिवसाला पाऊण लिटर, त्यात चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं आलं. लघवी बंद झालेल्या माणसानं प्यालेलं पाणी अंगातच साठतं, पाय फुगतात, रात्री आडवं झालं की दम लागतो. मग मशीन चार तासांत ते ओढून काढतं आणि माणूस पिळलेल्या फडक्यासारखा घरी येतो. शुक्रवार ते सोमवार हा खंड सगळ्यात मोठा. म्हणून कंडक्टरनं तिकिटांच्या हिशेबाचं वे-बिल भरावं तसं अण्णा पाणी लिहीत. चहा अर्धा कप. बर्फाचा खडा एक. रेघ, खाली बेरीज, सही. सही कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "चेकर कधी चढेल सांगता येतं का?" आईकडे बघून.

आणि वारीत तर जो तो पाणी देतो! हे मला पहिल्यांदा दिवे घाटात नीट कळलं. पुणे ते सासवड ही सगळ्यात लांबची चाल. हडपसर सुटलं की ऊन चढत जातं, घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, आणि कडेला उभी असलेली माणसं हातातले ग्लास अक्षरशः तोंडाशी आणतात. "घ्या माउली, पाणी घ्या." मी तांब्याभर पाणी एका दमात प्याले, आणि तिथंच कठड्यापाशी थांबून राहिले. चार वर्षं, चार वेळा, हा माणूस या सगळ्या ग्लासांमधून कोरडा चालत गेला होता.

नको म्हणणं त्यांना जड जायचं. देणाऱ्याचं मन मोडायचं नाही. केळ्यात पोटॅशियम, म्हणून केळंही बंद. मग कुणी केळं दिलं की ते कपाळाला लावायचे आणि पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून पुढे सरकवायचे. भरलेल्या गाडीत मागच्याचे पैसे हातोहात पुढे जातात ना, तसं ते केळं दिंडीत चार-पाच जणांपलीकडे पोहोचायचं. एकादशीला घरात दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, रताळी, सगळं त्यांना वर्ज्य. "माझा उपवास पाण्याचा, रोजचा. तुम्ही दोन दिवस करता त्याचं काय कौतुक?" असं म्हणत आमच्या ताटात तेच खिचडी वाढायचे. वाढताना वास घ्यायचे, ते मी पाहिलंय.

डायलिसिसला त्यांनी पहाटेची पाळी मागून घेतली होती, कारण दुपारी धाकट्याला शाळेतून आणायचं असे. डाव्या हातावर फिस्टुला होता, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, त्या हातानं ओझं उचलायचं नाही, म्हणून दप्तर उजव्या खांद्यावर. फिस्टुलावर बोट ठेवलं की आत सतत थरथर लागते. धाकट्याचं बोट तिथं टेकवून सांगायचे, "बघ, गाडी चालू आहे."

आता जे सांगायचं ते. आई किडनी द्यायला तयार होती, तपासणीत तिलाच साखर निघाली. मग मी. पंचविशीची, रक्तगट जुळणारा, नात्यानं सरळ. पुढच्या तपासण्यांचा कागद मी घरी आणला. अण्णांनी तो वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि एक बेल मारून गाडी थांबवावी तसं म्हणाले, "तुझं अजून सगळं व्हायचंय. विषय संपला." वर्षभर मी वाद घातला. शेवटी बोलणंच तोडलं, सतरा दिवस. लोकांना वाटतं वारीत मन शांत होतं. मी निघाले तेव्हा माझ्या मनात राग होता, आणि तो चालून कमी होत नव्हता.

तळावर पोचल्यावर समाजआरती होते. हजारो टाळ वाजत असतात, चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंच करतात आणि एका क्षणात सगळं गप्प. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. वाजवत राहते, चोपदार येऊन ऐकेपर्यंत. त्या संध्याकाळी एकच दिंडी वाजत होती. तक्रार काय, तर पाण्याचा टँकर उशिरा आला. चोपदारांनी ऐकून घेतलं, टाळ थांबले, मग हरवलं-सापडलं पुकारलं गेलं. एक चष्मा, एक पिशवी, एक आजोबा.

मी टाळ हातात घेऊन बसले होते. वाजवायचं मनात आलं. खरंच. कुणीतरी यावं, विचारावं, माउली, काय तक्रार? आणि मी सांगावं की हा माणूस सगळ्यांचं सगळं पुढे सरकवायचा, पण मी एकदा काही द्यायला गेले तर त्यानं खिशात घालून ठेवलं. शेजारच्या मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाय दुखतात का गं?" मी हो म्हटलं. त्यांनी पिशवीतून तेलाची बाटली काढली. बोलल्या काही नाहीत.

वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात आणि तिथून पुढे वाट अशी राहतच नाही, नुसती माणसं. अण्णांचा राखलेला टप्पा मी पाऊल बघून चालेन असं ठरवलं होतं. पाऊल दिसलंच नाही. गर्दीनं उचलून नेलं.

एकादशी १७ जुलैला होती. बुधवार. अण्णांचा वार.

दर्शनाच्या रांगेत उभी राहिलेच नाही, कळसाला हात जोडले आणि चंद्रभागेच्या वाळवंटात बसून आईला फोन लावला.

"दर्शन झालं?"

"कळसाचं."

"पाणी पितेस ना? ऊन लागेल. भरपूर पी."

घोट मोजून देणारी बाई ती. "पिते," म्हटलं. वही काढली, तारीख घातली, सकाळपासूनचं लिहायला बसले. चहा दोन. पाणी तांब्या एक, दोन, तीन. त्यापुढचं आठवेना. बेरीज तशीच सोडली.