तुम्ही विचारलंत म्हणून: जांभळं खाल्ली की साखर उतरते का?

मला डायबिटीस झाल्यापासून जून लागला की हा प्रश्न येतोच. गावाकडचे विचारतात, "जांभळं खाताय ना? साखर उतरते त्यानं." शहरातली भाची म्हणते, "मावशी, ब्लूबेरी खा."

खाते हो. पण गोळी चुकवत नाही. जांभळाच्या बियांची जी भुकटी हौसेनं हाती ठेवली जाते, तिच्यावरचे बरेचसे प्रयोग उंदरांवरचे आहेत. माझी भुकटीची बाटली कपाटातच आहे.

अख्ख्या फळाची गोष्ट वेगळी, मग ते जांभूळ असो की भाचीच्या बेरी. 100 ग्रॅम स्ट्रॉबेरीत साखर जेमतेम 5 ग्रॅम, केळ्यात 12. शिवाय तंतू असतात, त्यामुळे ती साखर सावकाश रक्तात उतरते. फिनलंडमध्ये 2013 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निरोगी बायकांना पांढऱ्या पावासोबत बेरींचा गर दिला, तर तोच पाव पचवायला शरीराला इन्शुलिन कमी लागलं. आपली महाबळेश्वरवाली स्ट्रॉबेरीही त्या बेरींमध्ये होती, हे भाचीला मी दोनदा ऐकवलंय. अर्थात त्या बायकांना डायबिटीस नव्हता, हेही सांगायला हवं.

मला जास्त गंमत वाटते ती जिभेवर चढणाऱ्या जांभळ्या रंगाची. त्याला अँथोसायनिन म्हणतात. लहान आतड्यात तो थोडाच शोषला जातो, उरलेला मोठ्या आतड्यात जातो. तिथले जिवाणू तो फोडून बारीक घटक करतात आणि मग ते रक्तात येतात. तंतूही तेच आंबवतात. त्यातून ब्युटिरेट तयार होतं, आतड्याच्या पेशींचं ते जेवणच. म्हणजे आपल्याला जे पचत नाही त्यावर त्यांचा संसार चालतो. आणि प्रत्येकाच्या पोटातलं हे बिऱ्हाड निराळं, म्हणून शेजारणीला मानवलं ते मला तसंच मानवेल असं नाही.

रस, जॅम, क्रश यांचं मात्र नाव काढू नका. गेल्या हिवाळ्यात पाचगणीहून आणलेला क्रश घालून जेवणानंतर मिल्कशेक प्यायले. दोन तासांनी मशीनवर 212! दुसऱ्या दिवशी तेच जेवण आणि वाटीभर नुसती स्ट्रॉबेरी, तर 158. एकदाच मोजलंय, त्याला प्रयोग म्हणू नका, पण क्रशची बाटली तेव्हाच भाचीला देऊन टाकली.

आता जांभळं आली की दहा-बारा घेते, तीही जेवणानंतरच्या गोडाऐवजी. मीठ लावत नाही, बीपीही आहे ना.