आवाज मोजायला लेसर कशाला?

नवी मुंबईतल्या एका कॉलेजात मी फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेतो. हे कळलं की सोसायटीतलं कुणी ना कुणी विचारतंच, ‘पाण्यातल्या आवाजाचा वेग म्हणे लेसरनं मोजतात. माईक नाही का चालत?’

चालतो की. पाण्यातल्या माईकला हायड्रोफोन म्हणतात. पण आवाज ऐकणं वेगळं आणि त्याचा वेग बिनचूक काढणं वेगळं.

मुळात वेग हवा कशाला? उरणजवळच्या जेएनपीए बंदरात मोठी जहाजं येतात. तिथली खोली मोजणारी बोट तळाकडे आवाज सोडते, तो परत यायला लागलेला वेळ वेगानं गुणते आणि निम्मं करते. वेग सेकंदाला १५०० मीटर धरला आणि प्रत्यक्षात १५४० निघाला, तर १५ मीटर पाण्यात ४० सेंटिमीटरचा घोळ. ३० अंश तापमानाचं समुद्राचं पाणी असेल तर वेग १५४५च्या आसपास, तेवढंच गरम गोडं पाणी असेल तर १५०९. पावसाळ्यात नाल्यांचं पाणी खाडीत उतरलं की आकडा घसरतो. म्हणून तो जागेवर मोजावा लागतो.

नेहमीच्या यंत्रात एक चकती ‘टिक्’ करते, समोरून आदळून आलेला आवाज तीच पकडते. पण मोजलेल्या वेळात चकतीचा आणि सर्किटचा उशीरही मिसळलेला असतो. लेसर तिथं कामाला येतो. आवाज जातो तशी पाण्यात दाटी-विरळी होत जाते. दाटी झाली की अपवर्तनांक, म्हणजे पाणी प्रकाशाला किती वाकवतं तो आकडा, किंचित बदलतो आणि तिथून जाणारा किरण जरासा वाकतो. १० सेंटिमीटर अंतरावर दोन समांतर किरण ठेवायचे. ध्वनीचा स्पंद पहिला किरण ओलांडून दुसऱ्यापर्यंत पोचायला साधारण ६७ मायक्रोसेकंद घेतो. चकतीचा उशीर दोन्हीकडे सारखाच, वजाबाकीत उडून जातो. शिवाय किरण आवाजाच्या वाटेत आडवा येत नाही. मात्र सगळी भिस्त आता त्या १० सेंटिमीटरवर! त्यात ०.१ मिलिमीटर चुकलं की वेगात दीड मीटरचा फरक.

लॅबमधल्या प्रयोगात हेच तत्त्व दुसऱ्या तऱ्हेनं दिसतं. काचेच्या टाकीत पाणी, त्यात ५ मेगाहर्ट्झचा आवाज सोडणारा क्रिस्टल, आरपार लाल लेसर आणि ३ मीटरवर भिंत. क्रिस्टल सुरू केला की पाण्यातल्या दाटी-विरळीमुळे भिंतीवर एका ठिपक्याचे अनेक होतात, एकमेकांपासून जेमतेम ६ मिलिमीटरवर. ते अंतर पट्टीनं मोजायचं, त्यावरून आवाजाच्या लाटेची लांबी आणि तिच्यावरून वेग काढायचा. पोरं आधी मोबाइल काढतात, पट्टी नंतर. डिबाय आणि सीअर्स यांनी अमेरिकेत आणि लुकास आणि बिकार यांनी फ्रान्समध्ये १९३२ साली हे पाहिलं. त्याचं गणित १९३५-३६मध्ये बंगळुरूत सी. व्ही. रामन आणि नागेंद्र नाथ यांनी मांडलं. हे सांगितलं की पट्टी हातात येते.

यानंतरचा प्रश्नही ठरलेला, ‘आपल्या गढूळ खाडीत लेसर जाणार कसा?’ त्याला तळापर्यंत जायचंच नसतं. यंत्र दोरानं खाली सोडतात, किरणाला वीतभरही पाणी ओलांडावं लागत नाही. पण ओहोटीला चिखल ढवळला की तेवढंही जड जातं. शिवाय यंत्राच्या काचेवर शेवाळ धरतं ते वेगळंच. माझं म्हणाल तर ठाण्याच्या खाडीत रोजच्या कामाला ‘टिक्’वालं यंत्रच न्यावं. लेसर ठेवावा स्वच्छ पाण्याच्या टाकीत, त्या यंत्रांचे आकडे तपासायला.