एका हातावर तीन प्लेट्स

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या वयस्क माणसांना पुन्हा चालतं करणं, हे माझं काम. मी फिजिओथेरपिस्ट आहे, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम शहरात. पेशंटला मी एक प्रश्न हमखास विचारते: आयुष्यभर काम काय केलंत? शिंप्याचे हात, गवंड्याचे पाय जुनं काम विसरत नाहीत, आणि तेच मला व्यायामात वापरून घेता येतं.

या आजी 77 वर्षांच्या. इकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना पहिल्या नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारते. त्या मला ‘बेबी’ म्हणतात. हाड छान जुळलं होतं, ताकदही बरी होती, पण पुन्हा पडण्याची धास्ती मनात इतकी बसलेली की वॉकर सुटेना. नजर कायम जमिनीवर. त्या दिवशी मी प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी मान वर केली.

“वेट्रेस होते. गॅस्टन मोटेलच्या कॉफी शॉपमध्ये. शाळा संपायच्या आधीपासून.”

बर्मिंगहॅममध्ये राहणाऱ्याला हे नाव वेगळं सांगावं लागत नाही. ए. जी. गॅस्टन 1892 साली डेमोपोलिस नावाच्या गावात जन्मले. तरुणपणी खाणीत राबताना आईनं करून दिलेले जेवणाचे डबे ते बाकीच्या मजुरांना विकायचे, जमलेल्या पैशातून उसने पैसे व्याजानं द्यायचे. पुढे अंत्यविधीच्या खर्चाचा विमा, अंत्यसंस्काराचा व्यवसाय असं करत ते देशातल्या सर्वांत श्रीमंत कृष्णवर्णीयांपैकी एक झाले. 1954 मध्ये त्यांनी हे मोटेल, म्हणजे मोटारीनं प्रवास करणाऱ्यांसाठीचं हॉटेल, बांधलं. दोन मजले, मधे अंगण, खोल्यांत एअर कंडिशनिंग आणि टेलिफोन. त्या काळी गोऱ्यांच्या हॉटेलात कृष्णवर्णीय प्रवाशाला खोली मिळत नसे, मग तो कितीही मोठा असो. मोटारीनं निघालेलं कुटुंब अंधार पडला की कुठे थांबणार, हा प्रश्न घरातून निघतानाच सोडवून ठेवावा लागे.

“आमच्याकडे रात्री उशिरा गाड्या यायच्या,” आजी म्हणाल्या. “कोट घातलेले, शिकलेले लोक. आधी बाथरूम कुठे विचारायचे. सकाळपासून कुणी जाऊ दिलेलं नसायचं. मुलं झोपेत असायची. मी त्यांना ग्रिट्स नि अंडी आणून द्यायचे.” ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्यांची लापशी, ती इथे घरोघरी होते.

बोलता बोलता त्यांचा डावा हात आपोआप वर उचलला गेला होता. ते बघून मी क्लिनिकच्या स्वयंपाकघरातून प्लास्टिकच्या तीन प्लेट्स आणल्या, प्रत्येकीत वजनाला वाळूची छोटी पिशवी ठेवली. मी देत होते तशा त्यांनी घेतल्याच नाहीत. “अशा नाही, बेबी.” पहिली अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत. दुसरी तिच्या खाली सरकवून उरलेल्या बोटांवर. तिसरी मनगटाच्या मागे, थेट हातावर. उजवा हात मोकळा, कारण कॉफीचं भांडं त्याच हातात.

आमच्या शास्त्राप्रमाणे वयस्क माणसाला चालताना दुसरं काम दिलं की तोल सहसा जास्तच बिघडतो. म्हणून मी कमरेचा पट्टा मागून घट्ट धरला होता. पण त्यांनी हनुवटी उचलली, नजर जमिनीवरून निघून खिडकीजवळच्या टेबलावर गेली, आणि त्या निघाल्या. पावलं लांब पडत होती. दोन खुर्च्यांमधून जाताना त्यांनी कंबर तिरकी करून वाट काढली. ही हालचाल आम्ही किती दिवस शिकवत होतो! टेबलापाशी पोचून त्यांनी प्लेट्स उलट्या क्रमानं, एकही न वाजवता ठेवल्या. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

मग त्या बसल्या आणि 1963 सांगू लागल्या. एप्रिल-मे महिन्यांत मार्टिन लूथर किंग आणि त्यांचे सहकारी याच मोटेलमध्ये मुक्कामाला होते. शहरातल्या वर्णभेदाविरुद्ध आंदोलन चालू होतं, त्याच्या बैठका 30 नंबरच्या खोलीत चालत. गुड फ्रायडेला, 12 एप्रिलला, न्यायालयाचा मनाई हुकूम मोडून मोर्चात उतरायचं किंगनी तिथेच ठरवलं आणि तुरुंगात जायच्या तयारीनं जीनचे जाडेभरडे कपडे चढवले. शाळकरी मुलांना मोर्चात उतरवणं गॅस्टनना पसंत नव्हतं. पण फोनवर बोलत असताना आपल्याच कचेरीच्या खिडकीतून त्यांनी एका लहान मुलीवर सोडलेला अग्निशामक पाण्याचा फवारा पाहिला, आणि त्यांचं मन बदललं. आंदोलक आणि शहरातले गोरे व्यापारी यांच्यातला समझोता जाहीर झाला तो मोटेलच्या अंगणात, 10 मे रोजी. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मध्यरात्रीच्या सुमारास 30 नंबरच्या खोलीखाली बॉम्ब फुटला. किंग तेव्हा अटलांटाला गेलेले होते.

“माझी त्या रात्री पाळी नव्हती,” आजी म्हणाल्या आणि पुढे त्याबद्दल बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

मी त्यांना आजोबांकडून ऐकलेली एक गोष्ट सांगितली. डॉ. आंबेडकर 1917 मध्ये परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून ते राहिले. पुढे लाठ्या घेतलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या दिवशी त्यांना जेवायला कुणी दिलं?” मला उत्तर देता आलं नाही.

1964 च्या नागरी हक्क कायद्यानं हॉटेलांची दारं सगळ्यांना उघडली. त्याच वर्षी 14 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं अटलांटाचं एक मोटेल आणि बर्मिंगहॅममधलीच ‘ऑलीज बार्बेक्यू’ ही खाणावळ या दोघांविरुद्ध निकाल दिले. ऑलीजमध्ये कृष्णवर्णीयांना पदार्थ बांधून मिळत, आत बसता येत नसे. या निकालांचा आजींना आजही अभिमान आहे. पण सगळीच दारं उघडल्यावर गॅस्टन मोटेलची गिऱ्हाइकं पांगली, हेही त्यांनीच सांगितलं. 1982 मध्ये गॅस्टननी मोटेलचं वृद्ध आणि अपंगांसाठी निवासस्थान केलं. 1996 मध्ये तेही बंद पडलं. त्याच वर्षी 103 वर्षांचे होऊन गॅस्टन गेले. वास्तू कितीतरी वर्षं ओस होती. जानेवारी 2017 मध्ये ती राष्ट्रीय स्मारकाचा भाग झाली आणि दुरुस्तीनंतर आता लोक ती बघायला येतात.

आजी अजून ती बघायला गेलेल्या नाहीत. वॉकर घेऊन त्या दारातून आत शिरायचं नाही, हे त्यांचं म्हणणं. म्हणून विमा कंपनीला पाठवायच्या अहवालात, जिथे आम्ही एरवी ‘आधाराशिवाय 50 मीटर चालणे’ असं लिहितो, तिथे मी लिहिलं: गॅस्टन मोटेलच्या कॉफी शॉपमध्ये काठी घेऊन चालत जाणे, दोन्ही बाजूंच्या टेबलांमधून वाट काढणे. पुढच्या वेळेसाठी त्यांनी मला घरून चिनी मातीच्या प्लेट्स आणायला सांगितल्या आहेत. प्लास्टिकला वजन नसतं म्हणाल्या.