डीबग क्लॉकचा आकडा, आणि तो तेवढाच का

म्युनिकमधल्या आमच्या लॅबमध्ये एक नियम आहे आणि त्यावरून माझं डोकं तापलंय. प्रत्येक सर्किट बोर्डाच्या नोंदीत डीबग क्लॉकचा, म्हणजे चुका शोधताना चिपशी ज्या वेगाने बोलतो त्याचा, आकडा लिहायचा आणि शेजारच्या रकान्यात तो तेवढाच का, हेही लिहायचं. ‘या वेगाला चालतं’ हे कारण धरत नाहीत. माझी नोंद आमच्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी परत पाठवली. बोर्ड चालत होता, ब्रेकपॉइंट (प्रोग्राम हवा तिथं थांबवायच्या खुणा) लागत होते, तरी परत.

पुण्यात आपण काय करतो ते तुम्हाला सांगायला नको. प्रोब (संगणक आणि चिप यांच्यामधलं डीबगचं उपकरण) जोडला, चिपचा आयडी आला नाही की वेग निम्मा. तरी नाही, तर आणखी निम्मा. लागला की पुढचं काम. यात आळस नव्हता. संध्याकाळी ग्राहकाला बिल्ड द्यायची असायची आणि बरा ऑसिलोस्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) अख्ख्या मजल्यात एक. तपकीर गल्लीतल्या, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या, जंपर वायरींवर डीबग केलेलं फर्मवेअर (चिपवर चालणारा प्रोग्राम) आपण वेळेत दिलं आणि ते चाललं. हे मी इथं मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं, आजही सांगेन.

बाईंनी वाद घातला नाही. दोन बोर्ड समोर ठेवले.

पहिला जुना, एटी91सॅम9जी20 चिपचा. आत एआरएम926 कोअर, म्हणजे प्रोसेसर. इथं कारखान्यातली यंत्रं दशकानुदशकं चालवतात, त्यामुळे अशा बोर्डांची देखभाल चालूच असते. या कोअरमध्ये जेटॅगचा (डीबगसाठीच्या जोडणीचा) क्लॉक, टीसीके, कोअरच्या स्वतःच्या क्लॉकशी जुळवून घेतला जातो, म्हणून तो कोअर क्लॉकच्या एक षष्ठांशाच्या वर नेता येत नाही. पीएलएल (क्लॉकचा वेग वाढवणारं सर्किट) चालू असेल तर कोअर 400 मेगाहर्ट्झच्या आसपास, मग ही मर्यादा जाणवतच नाही. पण रीसेटनंतर चिप उठते ती 32 किलोहर्ट्झच्या मंद क्लॉकवर. त्याचा एक षष्ठांश म्हणजे जेमतेम 5 किलोहर्ट्झ! त्यात क्रिस्टलऐवजी चिपच्या आतला आरसी ऑसिलेटर वापरला असेल तर तो चिपगणिक आणि तापमानागणिक सरकतो, म्हणून 2-3 किलोहर्ट्झच धरायचे. याच वेगाने 1 एमबी मेमरीत भरायला बसलात, तर 5 किलोहर्ट्झलासुद्धा नुसत्या बिटांचीच 28 मिनिटं होतात. म्हणजे या बोर्डाला एक आकडा पुरतच नाही. रीसेटला मंद, पीएलएल स्थिर झाला की जलद, असे दोन लागतात. आरटीसीकेची (कोअरकडून परत येणाऱ्या क्लॉकची) पिन कनेक्टरपर्यंत आणलेली असती, तर कोअरने क्लॉक परत पाठवेपर्यंत प्रोब आपोआप थांबला असता. या बोर्डावर ती आणलेलीच नाही.

दुसरा बोर्ड मोटर ड्राइव्हचा, कॉर्टेक्स-एम4 कोअरचा. मला खरा धक्का इथं बसला. याचा डीबग पोर्ट प्रोबच्या क्लॉकवर चालतो. आतली बस मागे पडली तर पोर्ट ‘थांब’ असं उत्तर देतो आणि प्रोब पुन्हा विचारतो. एक षष्ठांशाचा प्रश्नच नाही. तरी 0x4BA00477 हा आयडी अधूनमधून एक बिट सरकून येत होता, आणि वेग 100 किलोहर्ट्झवर आणला तरी येतच राहिला. बाईंनी स्कोप लावला. टीसीकेची चढती कड (सिग्नल 0 वरून 1 वर जातो ती जागा) थरथरत होती आणि चिप एका कडेच्या दोन मोजत होती. वेग कमी केला म्हणून कड संथ होत नाही. ती 100 किलोहर्ट्झला तेवढीच तीक्ष्ण असते आणि तेवढीच थरथरते. प्रोबच्या बाजूला 33 ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला, सुट्या वायरींऐवजी ग्राउंडच्या तारा मध्ये असलेली रिबन केबल लावली आणि आयडी स्थिर झाला. आता तोच बोर्ड 10 मेगाहर्ट्झला चालतो. त्याहून वर नेत नाही, कारण तिथं अर्धा आवर्तनकाळ 50 नॅनोसेकंदांचा, आणि तेवढ्यात क्लॉकने आयसोलेटर (प्रोब आणि बोर्ड यांना विजेच्या दृष्टीने वेगळं ठेवणारा भाग) ओलांडून जायचं आणि टीडीओने, म्हणजे चिपकडून येणाऱ्या डेटाने, तोच ओलांडून परत यायचं असतं.

हे सगळं मला भावलं. पुण्यातल्या मित्रांना आवर्जून सांगतो: वेग कमी करून फरक पडला नाही तर आकडा सोडा, वायर बघा.

तरीही नियम सरसकट लावणं मला पटत नाही. वीतभर रिबन, आयसोलेटर नाही, कॉर्टेक्स-एम, एसडब्ल्यूडीवर (दोन तारांच्या डीबग जोडणीवर) 4 मेगाहर्ट्झ: अशा बोर्डालाही लेखी कारण मागण्यात कुणाचं भलं आहे? अशा बोर्डांना सूट द्यावी म्हणून मी लेखी सूचना दिली आहे. बाईंचं म्हणणं, पुढच्या आवृत्तीत कुणी आयसोलेटर घातला तर जुन्या आकड्यामागचं कारण कुठं शोधायचं? मी अट सुचवली आहे की आवृत्ती बदलली की सूट संपेल. त्यावर त्या विचार करताहेत.