राख, दोरी आणि विणकर मुंग्या: कोकोच्या बागेतली सकाळ

बागेत शिरताना मालकांनी तळहातावर चिमूटभर राख ठेवली. मला वाटलं, अंगारा. "मनगटापर्यंत चोळा, मुंग्या चढत नाहीत," ते म्हणाले. पायांचं मात्र लक्षात आलं नाही, आणि दहा मिनिटांत विजारीच्या आत पहिला चावा बसला. तुम्ही जाल तेव्हा विजार मोज्यात खोचा, बूट घाला.

कोकोची फळं थेट खोडाला लागतात, त्यामुळे सगळा खेळ डोळ्यांसमोर चालतो. ढेकण्या हा रस शोषणारा कीटक कोवळ्या फळात सोंड खुपसतो, तिथे काळा डाग पडतो. विणकर मुंग्या बागेत ठेवतात त्या याच ढेकण्याला आवरायला. मुंग्यांची वर्दळ असलेल्या खोडावर असे डाग तुरळक होते. दोन ओळी पलीकडे, मुंग्या नसलेल्या झाडावर, फळांना देवी आल्यासारख्या दिसत होत्या.

घरटं बांधताना पाहायला मिळालं तर घाई करू नका. मुंग्यांची एक रांग दोन पानांच्या कडा ओढून धरते. दुसऱ्या मुंग्या जबड्यात अळी धरून येतात आणि तिला या कडेवरून त्या कडेवर धोट्यासारखी फिरवतात. रेशीम अळीचं, विणकाम मुंगीचं!

झाडाझाडांत दोऱ्या बांधल्या होत्या. एका वसाहतीची घरटी अनेक झाडांवर असतात, राणी बहुधा एकच. दोरी हा त्यांचा पूल. दोन वेगळ्या वसाहती मात्र कधीच जोडायच्या नाहीत, त्यांच्या फांद्याही एकमेकींना भिडू द्यायच्या नाहीत. एका ठिकाणी छाटणी राहून गेली होती. तिथे मुंग्या एकमेकींचे पाय ओढत होत्या, खाली मेलेल्यांचा सडा. भांडणात गुंतलेल्या मुंग्या ढेकण्याकडे कशाला बघतील? घरटी आणून सोडणार असाल तर एकाच वसाहतीची आणा, राणीसकट. फवारणी चालू असलेल्या बागेत हा खटाटोप करू नका.

चावे नकोत तर काळ्या मुंग्यांचा पर्याय आहे; जावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या वापरात आल्या. पण त्यांना पिठ्या ढेकूण या दुसऱ्या रसशोषक किडीचा गोड स्राव लागतो, आणि पश्चिम आफ्रिकेत तिथले पिठ्या ढेकूण कोकोच्या फांद्या सुजवणारा विषाणू पसरवतात. तिथे हा उपाय मी तरी सुचवणार नाही. फळकुजीवरही मुंग्या हा इलाज नव्हे. खोडावर माती चढवणाऱ्या मुंग्यांच्या काही जाती तर ही कूज पसरवतात.

मुंग्या बघायला ऊन चढल्यावर जा. भिंग जवळ ठेवा. आणि फोटो काढताना खोडाला टेकू नका. मी टेकलो होतो.